गेलेला माल, खपलेला माल

२०२१ मध्ये 'अवतार लेजेंड्स' या रोलप्लेइंग गेमसाठी किकस्टार्टरवर, म्हणजे माल बनायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या वेबसाइटवर, ८१ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ९५ लाख डॉलर भरले. २०२४ मध्ये 'कॉस्मीअर' नावाच्या दुसऱ्या गेमला दीड कोटीच्या वर मिळाले, पण भरणारी माणसं ५५ हजार. पहिल्यात माणशी ११७ डॉलर पडतात, दुसऱ्यात पावणेतीनशेच्या आसपास. आता यातला जास्त चाललेला गेम कोणता, यावर आमच्या रविवारच्या टोळक्यात चहा गार होईपर्यंत वाद झाला. सीएची आर्टिकलशिप करणारी आमची मैत्रीण म्हणाली, दीड कोटीवाला. आकडा मोठा तो मोठा. आमचा गेम मास्टर म्हणाला, माणसं मोजा, खेळणार माणसंच आहेत. मी दोघांच्या मध्ये शेंगाची चटणी सरकवून दिली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण बसायचे, एकानं गोष्ट पुढं न्यायची, तो गेम मास्टर. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. काही जोखमीचं करायचं झालं की फासे टाकायचे. नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं, ते एकाकडं असलं तरी सगळ्यांचं भागतं. आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात एका मित्राच्या घरी, माडीवर बसतो. त्यांचा टॉवेलचा कारखाना असल्यामुळं फासे टाकायला टेबलावर टर्किश टॉवेल अंथरलेला असतो. फासे पलंगाखाली पळत नाहीत, आणि खाली झोपलेल्या आजीलाही त्रास नाही. पात्रांचे कागद झेरॉक्सचे. आम्ही वर्षानुवर्षं खेळतोय ते बहुतेक फुकट उपलब्ध असलेल्या नियमांवर. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या गेमचे मूळ नियम कंपनीच पीडीएफमध्ये फुकट देते.

वाद मिटेना म्हणून मी तो मामांकडं नेला. मामांचं चाटी गल्लीत चादरींचं होलसेल आहे. दुकानात संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की ते खतावणी घेऊन बसतात, आणि तेव्हा त्यांना काहीही विचारावं.

"काय करूलालास बे? अजून ते फाश्याचंच चालू आहे?"

मी सांगितलं. दीड कोटी डॉलर ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग विचारलं, "पैसे आधी आले?"

"हो."

"माल कधी द्यायचा?"

"वर्ष-दीड वर्षानं."

"मग ती विक्री नाही बे. ते देणं आहे."

किकस्टार्टरच्या आकड्यांबद्दल मी पुष्कळ वाचलंय, पण इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. ते खरं कसं ठरतं याचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. केऑसियम ही अमेरिकन कंपनी १९७५ पासूनची. 'कॉल ऑफ कथुलू' हा त्यांचा भयकथांचा गेम १९८१ पासून चालतोय, आणि जपानमध्ये तर त्याचं वेड अमेरिकेपेक्षा जास्त. २०१३ मध्ये त्याच्या सातव्या आवृत्तीसाठी त्यांनी किकस्टार्टर मांडलं. मागितले होते ४० हजार डॉलर, आले साडेपाच लाखांच्या वर. बातम्यांच्या हिशेबानं हे घवघवीत यश. पण रक्कम चढेल तसतशी जास्तीची वचनं देत गेले, हेही देऊ, तेही देऊ, आणि परदेशी टपालाचा खर्च काही धरला तसा निघाला नाही. वचनं कागदावर, छपाई बाकी, पैसा भलतीकडं गेलेला. २०१५ मध्ये संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड आणि मूळ गेमचा लेखक सँडी पीटरसन या दोघांना परत येऊन कंपनी हातात घ्यावी लागली, मग नवी मंडळी कारभार बघू लागली, आणि सगळी पुस्तकं लोकांच्या हातात पडायला २०१६ उजाडलं. ज्या मोहिमेनं विक्रीचा झेंडा लावला, तिनंच कंपनी बुडायच्या काठावर आणून ठेवली.

मामांना मी मग टीएसआर या कंपनीची गोष्ट सांगितली, कारण ती त्यांच्याच गल्लीत घडल्यासारखी आहे.

१९७४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्सच्या टीएसआरनं डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे पहिले १,००० संच काढले. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा गेम. खोकी घरी बसून हातानं भरलेली, किंमत १० डॉलर. मराठी पुस्तकाची आवृत्तीसुद्धा साधारण हजाराचीच निघते, त्यामुळं हा आकडा मला परका वाटत नाही. ते हजार संपायला वर्षभर लागलं. पुढं दहा वर्षांत हाच गेम जगभर गेला.

आणि १९९७ मध्ये टीएसआर विकली गेली. घेणारी विझर्ड्स ऑफ द कोस्ट, म्हणजे पत्त्यांच्या 'मॅजिक' खेळावर चार वर्षांत गब्बर झालेली नवी कंपनी. टीएसआरवर तेव्हा सुमारे ३ कोटी डॉलरचं देणं होतं. गेम कुणी खेळेनासं झालं होतं असं अजिबात नाही. घोळ होता माल मोजण्यात. पुस्तकांच्या दुकानांकडं टीएसआरचा माल रँडम हाउस पोचवायचं, आणि त्यांचा करार असा की माल रवाना झाला की टीएसआरला पैसे. तो पुढं गिऱ्हाइकाच्या हातात पडला की नाही हे नंतर बघायचं. न खपलेलं परत आलं की तेवढी रक्कम टीएसआरच्या अंगावर. हातात रोकड कमी पडली की यावर एकच उपाय दिसतो, आणखी छापा, आणखी पाठवा. छापायला नवं काहीतरी हवं, म्हणून नव्या नव्या काल्पनिक दुनिया: डार्क सन, रेव्हनलॉफ्ट, प्लेनस्केप, बर्थराइट. एका दुनियेचे खेळाडू दुसऱ्या दुनियेची पुस्तकं घेत नव्हते, म्हणजे तेच गिऱ्हाईक वाटलं जात होतं. काही खोकी तर बनवायच्या खर्चापेक्षा स्वस्तात विकली गेली. कागदावर मात्र माल जातोय, जातोय, जातोय. मग तो एकदम परत आला.

मामांनी काही न बोलता गादीमागून एक गाठ ओढली. हिवाळ्याआधी मराठवाड्यातल्या कुठल्याशा पार्टीनं उचललेली, संक्रांतीनंतर परत आलेली. कारखान्यातून येते तेव्हा चादरीची घडी पुठ्ठ्यासारखी असते, चारी कडा एका रेषेत, लेबल मधोमध. या गाठीतल्या चादरींच्या घड्या कुणीतरी उलगडून परत घातलेल्या, एक कड बोटभर बाहेर, लेबलचा एक कोपरा उचकटलेला. एका चादरीला तर हळदीचं बोट लागलेलं. "घडी मोडली की भाव मोडला," मामा म्हणाले, आणि वहीत ती पार्टी ज्या पानावर होती ते पान दाखवलं. डाव्या बाजूला गेलेले नग, उजव्या बाजूला परत आलेले, आणि खाली शिसपेन्सिलीनं लिहिलेला तिसरा आकडा, तोच तेवढा खरा. शाईनं का नाही लिहीत विचारलं तर म्हणाले, अजून काही परत येऊ शकतंय.

टीएसआरच्या नावावर एवढा इतिहास आहे, पण हा शिसपेन्सिलीचा आकडा वरच्या टेबलापर्यंत वेळेवर पोचला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

आजही बाहेरच्या माणसाला हा तिसरा आकडा मिळत नाही. छंदाच्या दुकानांमधल्या, म्हणजे असे गेम विकणाऱ्या खास दुकानांमधल्या, खपाची यादी आयसीव्हीटू नावाची एक व्यापारी संस्था काढते. दुकानदार, वितरक आणि प्रकाशकांशी बोलून पाच नावांची क्रमवारी लावते, आकडे देत नाही. २०११ मध्ये या यादीत अघटित घडलं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स दुसऱ्या नंबरवर, आणि पहिल्या नंबरवर पायझोचा पाथफाइंडर. पायझो म्हणजे जी कंपनी आधी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचीच मासिकं चालवायची, आणि २००७ मध्ये ती काढून घेतल्यावर त्याच गेमच्या खुल्या परवान्यावर, म्हणजे मूळ नियम इतरांनाही वापरू देणाऱ्या परवान्यावर, स्वतःचा गेम घेऊन उभी राहिली. घरातल्या कारकुनानं शेजारी दुकान थाटून मालकाला मागं टाकावं, तशी ही बातमी सगळीकडं फिरली. पण यादीनं मोजलं होतं दुकानातलं. पायझोचे वर्गणीदार थेट कंपनीकडून पुस्तकं घेत, ते यादीत नाहीत. विझर्ड्सची दरमहा पैसे घेणारी ऑनलाइन सेवा होती, तीही यादीत नाही. दोन्ही कंपन्यांच्या पैशाचे मोठे झरे वगळून कोण पुढं याचा निकाल लागला, आणि तो निकाल अजूनही पुरावा म्हणून फेकला जातो. सामान्य पुस्तकदुकानांतली विक्री बुकस्कॅन मोजतं, तर त्यात छंदाची दुकानं येत नाहीत. हत्ती आणि आंधळे ही गोष्ट इथं सांगायचा मोह होतोय, पण सोडून देतो.

पीडीएफच्या बाजारात निदान थोडी पारदर्शकता आहे. ड्राइव्हथ्रूआरपीजी या सगळ्यात मोठ्या दुकानात खपानुसार धातूचे बिल्ले लागतात. ५० च्या पुढं प्रती गेल्या की तांबं, मग चांदी, सोनं वगैरे करत ५,००० च्या पुढं गोष्टीतला कल्पित धातू. पहिला बिल्ला पन्नासाला मिळतो यावरूनच धंद्याचा जीव कळतो. आमच्याकडं लग्नाच्या आहेरात एवढ्या चादरी एका दुपारी जातात.

आणि प्रत विकली गेली तरी पैसा कुठं थांबतो बघा. ५० डॉलरचं छापील पुस्तक वितरक साधारण २० ला उचलतो, दुकानदार त्याच्याकडून २५-२७ ला घेतो. प्रकाशकाच्या हातात २०. त्यातून छपाई, गोदाम, जहाज, चित्रकार, संपादक आणि शेवटी लेखक. लेखकाला बहुतेक ठिकाणी शब्दावर पैसे, चार-पाच सेंटांपासून फार तर दहाच्या आसपास. नगावर मजुरी म्हणजे काय हे सोलापुरात कुणाला समजवायला नको. पुस्तक पाच हजार खपो की पाच लाख, शब्दाचा भाव ठरलेला तो ठरलेला. या धंद्यात यश मोजताना हा रकाना कुणीच का धरत नाही? माझ्या मते एखादी कंपनी चांगली चालली का, हे तिच्या लेखकांना पुढच्या पुस्तकाला जास्त भाव मिळाला का यावरून बघावं. हे मत कुठल्याही भागधारकांच्या सभेत टिकणार नाही, मला कल्पना आहे.

भागधारकांवरून आठवलं. १९९९ पासून विझर्ड्स ऑफ द कोस्ट हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीच्या मालकीची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये विझर्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स गुंतवणूकदारांशी बोलताना म्हणाल्या की डन्जन्स अँड ड्रॅगन्समधून मिळायला हवा तेवढा पैसा निघत नाही. कारणही दिलं. खेळणाऱ्यांत गेम मास्टर सुमारे २० टक्के, पण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्यांचाच. उरलेले खेळतात, विकत फारसं काही घेत नाहीत.

हे वाचून आमच्या माडीवर हशा पिकला होता, कारण तो हिशेब आमचाच होता. पाचांत एकजण गेम मास्टर, तोच पुस्तकं घेणार, तोच पुण्याहून मागवणार, बाकी चौघं शेंगा खाणार. वीस टक्के, तंतोतंत. पण आमच्या घरची ही रीत कुणाच्या पत्रकात तोटा म्हणून लिहिलेली असेल असं कधी मनात आलं नव्हतं. त्या चौघांशिवाय पाचवा पुस्तक कशाला घेईल? एकटा बसून फासे टाकणार का?

पुढचा महिना उजाडला आणि २००० पासूनचा खुला परवाना बदलण्याचा मसुदा फुटला. त्यात साडेसात लाख डॉलरच्या वर धंदा करणाऱ्या इतर प्रकाशकांकडून वरच्या रकमेवर २५ टक्के मागितले होते. नफ्यावर नव्हे, उलाढालीवर. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "बोंबला" म्हटलं. खेळणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की २७ जानेवारी २०२३ ला कंपनीनं माघार घेतली आणि मूळ नियम कायमचे खुले करून टाकले. जो माणूस काही विकत घेत नाही म्हणून मोजला जात नव्हता, त्याच्या नाराजीची किंमत तेव्हा बरोबर मोजली गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच गेमवर बेतलेला 'बाल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटर गेम आला. तो लॅरियन या बेल्जियमच्या स्टुडिओनं बनवलेला. नुसत्या परवान्यापोटी हॅस्ब्रोला त्यातून २०२३ मध्ये सुमारे ९ कोटी डॉलर मिळाले. आता आयसीव्हीटूचा अंदाज शेजारी ठेवा. अमेरिका आणि कॅनडात सगळ्या कंपन्यांचे मिळून टेबलावरचे रोलप्लेइंग गेम २०१३ मध्ये दीड कोटी डॉलरचे खपले, २०२० मध्ये साडेदहा कोटींचे. म्हणजे एका कॉम्प्युटर गेमच्या नुसत्या परवान्याची रक्कम जवळजवळ अख्ख्या बाजाराएवढी. अशा कंपनीला पुस्तकांचा खप म्हणजे किरकोळ बाब वाटली तर नवल नाही. २०२३ च्याच डिसेंबरात हॅस्ब्रोनं सुमारे ११०० माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं.

आमच्या टेबलाचं म्हणाल, तर गेल्या पावसाळ्यात आम्ही 'कॉल ऑफ कथुलू' धरला. केऑसियम त्याचे सुरुवातीचे नियम फुकट देते. गोष्ट ठेवली १९३० च्या मे महिन्यातल्या सोलापुरात. गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलेलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल उरलेला नाही, आणि मग १२ मे ला मार्शल लॉ. चार हुतात्म्यांपैकी कुणाला पात्र करायचं नाही, त्यांचं नावसुद्धा फाश्याला लावायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. मूळ गेममधले समुद्रातले राक्षस दुसऱ्या बैठकीत आपोआप गळून पडले. लष्कर रस्त्यावर असताना त्यांची गरज वाटली नाही.

आमची सीएवाली जुन्या मिलमधला जॉबर झाली होती. धोतराच्या घोळात झेंडा, समोरून गस्त. या गेममध्ये फासे टाकून १ ते १०० मधला एक आकडा काढतात, आणि तो पात्राच्या कौशल्याइतका किंवा कमी आला तर जमलं. तिच्या जॉबरचं लपण्याचं कौशल्य ४०. टॉवेलवर फासे थांबले ते ४१ वर. एकानं हुकलं! ती खुर्चीतून उठली. नशिबाचे गुण खर्चून एक कमी करता येतो का, यावर वीस मिनिटं खडाजंगी झाली. फुकटच्या पीडीएफमध्ये उत्तर सापडेना, आणि गेम मास्टर हटून बसला की मोठ्या पुस्तकात आहे त्याप्रमाणेच करू. गस्त वीस मिनिटं तशीच रस्त्यात उभी.

त्या एका गुणापायी आम्ही मोठं पुस्तक मागवलं. मूळ किंमत, टपाल, कस्टम मिळून रक्कम अशी झाली की गेम मास्टरनं पहिल्यांदाच हात वर केले. मग पाचही जणांनी वर्गणी काढली. सीएवालीनं पावत्या फाडल्या. पुस्तक कुणाकडं राहणार यावर गेमपेक्षा जास्त भांडण झालं आणि अखेर ज्याच्या माडीवर बसतो त्याच्याकडं ठेवायचं ठरलं, अट एकच, की त्याच्या पुतण्याच्या हाताला लागू द्यायचं नाही. केऑसियमच्या वहीत आमची नोंद पडली असेल, एक नग.

मामांना पुस्तक दाखवायला नेलं. त्यांनी उघडण्याआधी पाठ चेपून बघितली, शिलाई बघितली, पान अंगठ्यानं चोळलं.

"पाच जणांत एक?"

"हो."

"किती वर्षं पुरंल?"

"बाइंडिंग चांगलं आहे मामा. वीस वर्षं कुठं गेली नाहीत."

मामांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "मग कंपनीचं कठीण आहे बे," म्हणाले, आणि आलेल्या गिऱ्हाइकापुढं चादर उलगडायला उठले.